घरी बांधलेल्या विमानाचं पॅनल थंड कसं ठेवायचं

टेक्सास, ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागात उन्हाळ्यात छोटं विमान उडवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. हँगरमधून विमान बाहेर काढलं, कॅनोपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) लावली, टॅक्सी करत (जमिनीवर चालवत) धावपट्टीच्या टोकाशी आलं, तर पुढे आणखी दोन-तीन विमानं थांबलेली. थोड्याच वेळात टॅबलेट गरम झाल्याची सूचना देऊन बंद पडतो. समोरच्या उपकरण-पॅनलवरच्या मोठ्या पडद्याचा उजेड आपोआप कमी होतो आणि भर उन्हात आकडे दिसेनासे होतात. विमान अजून जमिनीवरच आहे आणि नकाशा गेलेला आहे.

घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्याला चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात त्यांचं विमान मुंबईकरांनी जवळून पाहिलं. अमेरिकेत हेच काम हजारो लोक गॅरेजमध्ये, किट विकत आणून करतात. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटांपासून बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. विमानाचा बहुतांश भाग हौशी माणसाने स्वतः बांधला असेल, तर ते ‘एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट’ वर्गात नोंदवता येतं आणि कागदोपत्री निर्माता तुम्हीच ठरता. कारखान्यात बनलेल्या सेस्नाच्या मालकाला ज्या बदलासाठी मंजुरीची कागदपत्रं लागतात, तो बदल तुम्ही स्वतःच्या निर्णयाने करू शकता. पण मग पॅनलमागे काय तापतंय, याचा विचारही तुमच्याऐवजी दुसरं कोणी केलेला नसतो.

हा लेख मी व्हॅन्सचंच आरव्ही-७ डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे: शेजारी-शेजारी दोन आसनं, ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर ॲक्रिलिकची मोठी कॅनोपी. दुसरं विमान असेल तर मापं बदलतील, क्रम तोच राहील. आधी उष्णता मोजायची, मग ती आत येण्याच्या वाटा बंद करायच्या, मग हवेला बाहेर जायची वाट करून द्यायची आणि पंखा सगळ्यात शेवटी. बहुतेकजण पंख्यापासून सुरुवात करतात. पंखा उष्णता कमी करत नाही, फक्त हवा हलवतो. चाळीस वॉटची उष्णता आत येऊच दिली नाही, तर तेवढी हवा हलवायची गरजच उरत नाही.

उष्णता येते कुठून

तीन ठिकाणांहून: उपकरणांमधून, उन्हातून आणि इंजिनाकडून.

उपकरणांचा हिशेब सोपा आहे. उपकरण घेतं ती जवळपास सगळी वीज उष्णतेतच बदलते. अपवाद फक्त अँटेनामधून बाहेर पडणाऱ्या लहरींचा आणि पडद्याच्या उजेडाचा. म्हणून प्रत्येक उपकरणाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमधला सरासरी प्रवाह घ्या, १४ व्होल्टने गुणा, झाले वॉट. उदाहरणार्थ, दहा इंची दोन पडदे प्रत्येकी ३ अँपिअर घेत असतील तर ८४ वॉट. जीपीएस नेव्हिगेटर २ अँपिअर म्हणजे २८ वॉट. ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) १ अँपिअर, रेडिओ आणि ऑडिओ पॅनल मिळून आणखी १. हे २८ वॉट. एकूण १४० वॉट. ब्रेकरवर लिहिलेला आकडा या हिशेबात धरू नका. तो वायर वाचवण्यासाठी असतो, उपकरणाच्या खऱ्या खपाचा नसतो.

आता ऊन. पॅनलच्या वरचा, विंडस्क्रीनखालचा सपाट भाग म्हणजे ग्लेअरशील्ड. आरव्ही-७ मध्ये तो साधारण एक मीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल धरा, म्हणजे ०.४ चौरस मीटर. निरभ्र दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट ऊन पडतं. ॲक्रिलिकमधून त्यातलं बहुतेक आत येतं आणि ग्लेअरशील्ड काळं असल्यामुळे बहुतेक शोषलं जातं. म्हणजे तीनशे वॉटच्या आसपास उष्णता उपकरणांच्या थेट डोक्यावर जमा होते. त्यातली बरीच वर कॉकपिटच्या हवेत जाते, हे खरं. पण अर्धी जरी खाली उतरली, तरी ती सगळ्या उपकरणांच्या स्वतःच्या उष्णतेएवढी होते. शिवाय पडद्यांच्या काचेवर समोरून थेट पडणारं ऊन वेगळंच.

तिसरी बाजू फायरवॉलची. इंजिन आणि केबिनमधला हा स्टेनलेसचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा असतो. त्याच्या पलीकडे एक्झॉस्टचे पाइप असतात. उड्डाणात काउलिंगमधून (इंजिनावरच्या आवरणातून) भरपूर हवा वाहते, म्हणून तो बराच थंड राहतो. मात्र इंजिन बंद केल्यावर हवा थांबते आणि साठलेली उष्णता फायरवॉलमध्ये शिरते. लँडिंगनंतर इंधन भरून अर्ध्या तासात पुन्हा निघालात, तर पॅनल सगळ्यात गरम त्या दुसऱ्या स्टार्टच्या वेळी असतं. उपाय त्या घडीसाठी आखायचे.

किती गरम म्हणजे फार गरम

विमानातल्या उपकरणांच्या चाचण्यांसाठी डीओ-१६० हे मानक वापरतात. त्यातल्या ए-१ वर्गात उपकरण ५५ अंश सेल्सिअसला सतत, ७० अंशांना थोडा वेळ चालावं लागतं आणि बंद असताना ८५ अंश सोसावे लागतात. तुमच्या उपकरणाची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा. हे तापमान उपकरणाभोवतीच्या हवेचं असतं, विमानतळाच्या हवामान अहवालातलं नव्हे. बाहेर ४० असेल, बंद कॉकपिट त्याहून दहा-पंधरा अंशांनी गरम आणि पॅनलमागची हवा त्याहूनही दहा अंशांनी गरम, की ६० ओलांडायला वेळ लागत नाही.

मर्यादेच्या आत असतानाही प्रत्येक अंशाचा हिशेब होतच असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. पॅनलमध्ये तीस-चाळीस हजार डॉलर घालणाऱ्याने पन्नास डॉलरच्या हवेच्या वाटेचा विचार न करणं मला पटत नाही.

पहिली पायरी: मोजणी

डीएस१८बी२० सारखे छोटे डिजिटल सेन्सर स्वस्त मिळतात आणि १२५ अंशांपर्यंत चालतात. ते एका छोट्या मायक्रोकंट्रोलरला जोडून मेमरी कार्डावर नोंद ठेवता येते. इतकी खटपट नको असेल, तर ठरावीक तापमानाला कायमच्या काळ्या पडणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या उपकरणांच्या ट्रेवर (उपकरण सरकवून बसवायच्या चौकटीवर) लावा आणि महिन्याने पाहा. कमाल तापमान किती गेलं होतं, तेवढं त्या नक्की सांगतात.

सेन्सर पाच ठिकाणी हवेत: ग्लेअरशील्डच्या पत्र्याला खालून चिकटवून, मोठ्या पडद्याच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर हवेत, रेडिओंच्या चळतीच्या मधोमध, फायरवॉलच्या केबिनकडच्या बाजूला आणि पायांजवळच्या मोकळ्या हवेत. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पॅनलला मिळणारी हवा तिथली असते. पायांजवळची हवा आणि पडद्यामागची हवा यांतला फरक पंचवीस अंशांचा असेल, तर हवेची वाट अडलेली आहे. फरक पाच-सात अंशांचाच असेल आणि तरीही उपकरणं तापत असतील, तर दोष कॉकपिटच्या हवेचा आहे. तिथे मोठा पंखा लावून काहीही बदलणार नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेसवर ती खूपच कमी आकडा दाखवते. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा, तो पत्र्याइतका तापू द्या आणि टेपवर नेम धरून मोजा. अनेक आधुनिक पडदे स्वतःचं आतलं तापमान सेटअपच्या पानावर दाखवतात, तेही टिपून ठेवा.

दुसरी पायरी: ऊन अडवणं

सगळ्यात चांगला उपाय कॅनोपीच्या बाहेर आहे. पांढऱ्या किंवा चंदेरी कापडाचं कव्हर बाहेरून घातलं की ऊन आत शिरतच नाही. आतून लावायचे परावर्तक पडदे दुय्यम. ऊन एकदा आत आल्यावर ते परत पाठवायची धडपड करतात. ते वापरायचेच असतील तर ॲक्रिलिकला चिकटून राहू देऊ नका, मधे हवा खेळायला जागा ठेवा. पडद्याला चिकटलेलं ॲक्रिलिक फार तापतं आणि त्यावर बारीक तडे जाऊ शकतात.

ग्लेअरशील्ड पांढरं रंगवायचा मोह होतो, पण त्याचं प्रतिबिंब विंडस्क्रीनमध्ये पडून समोरचं विमान दिसणार नाही. ते मॅट आणि गडदच हवं. इथे सुरक्षितता आधी, थंडावा नंतर. मात्र त्या पत्र्याच्या खालच्या बाजूला काय लावायचं हे आपल्या हातात आहे. पत्र्याखाली सहा ते दहा मिलिमीटर हवेची पोकळी ठेवून चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल लावलेली, ज्वालारोधक पातळ गादी बसवा. तापलेला पत्रा खाली जी उष्णता किरणांच्या रूपात फेकतो, तिचा मोठा भाग फॉइल परत पाठवते. पोकळी न ठेवता फॉइल थेट पत्र्याला चिकटवली, तर हा फायदा जातो. फॉइलसुद्धा धातूच आहे, उष्णता सरळ तिच्यातून खाली उतरते. फॉइलची कड कुठल्याही टर्मिनलला टेकणार नाही अशी ती दुमडून टेपने बंद करा. जीपीएसची अँटेना ग्लेअरशील्डखाली असेल तर तिच्यावर फॉइल येता कामा नये, नाहीतर उपग्रह दिसणार नाहीत.

सरकत्या कॅनोपीच्या आरव्ही-७ मध्ये ही कामं पुढची वरची कातडी (वरचा पत्रा) रिव्हेट करण्याआधी उरकून घ्या. एकदा ती बसली की पॅनलमागे पोहोचायला आसनावर पाठ टेकून, डोकं रडर पेडलपाशी घालून खालून हात घालावा लागतो. वर उघडणाऱ्या कॅनोपीत पोहोचणं सोपं असतं, पण तिच्या पुढच्या सांध्यातून पावसाचं पाणी पॅनलमागे गळू शकतं. तिथे गादी पाणी शोषून धरणारी नसावी.

तिसरी पायरी: फायरवॉल

इथे चूक झाली तर प्रश्न गरम रेडिओपुरता राहत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

फायरवॉलच्या केबिनकडच्या बाजूला फोमची गादी गोंदाने चिकटवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. इंजिनाला आग लागली तर पातळ स्टेनलेस काही सेकंदांत लाल होईल. तो वितळणार नाही, पण त्यामागचा गोंद आणि फोम धुमसू लागतील आणि तो विषारी धूर थेट तुमच्या पायांपाशी येईल. अग्निरोधकतेची नेहमीची कसोटी सुमारे १०९३ अंशांच्या ज्वाळेत पंधरा मिनिटं टिकण्याची आहे. तुमची गादी त्या कसोटीला उतरेल का, हे विकत घेताना स्वतःला विचारा. ‘ज्वालारोधक’ असं लेबल असलं म्हणजे ती या तापमानाला टिकेल, असं नव्हे.

योग्य जागा इंजिनाकडची बाजू. सिरॅमिक फायबरची पातळ चादर, तिच्यावर अगदी पातळ स्टेनलेसचा पत्रा आणि सगळ्या कडा फायरवॉल सीलंटने बंद. कडा उघड्या राहिल्या तर चादर तेल आणि पेट्रोल पिते आणि संरक्षणच इंधन बनतं. हे काम इंजिन बसवण्याआधी तासाभराचं असतं. नंतर करायला गेलात तर प्रत्येक क्लॅम्प सोडवावा लागतो.

गादी लावण्याआधी भोकं तपासा. वायर आणि केबल जिथून आत येतात तिथे स्टीलची पास-थ्रू फिटिंग (वायर आरपार नेणाऱ्या, भोकात बसणाऱ्या नळ्या) असावीत. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. हीटरची झडप ॲल्युमिनियमची असेल तर स्टेनलेसची घ्या. ती बंद असताना खरंच बंद होते का तेही बघा: रात्री पलीकडून टॉर्च धरा आणि आतून उजेड दिसतो का पाहा. जिथून उजेड येतो तिथून उन्हाळाभर गरम हवा येते आणि तिथूनच कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. पॅनलमागे पंखा बसवला की तिथला दाब किंचित कमी होतो, म्हणजे फायरवॉलच्या फटींमधून हवा आत ओढली जायला मदतच होते. त्यामुळे फटी बंद केल्याशिवाय पंखा बसवू नका आणि पॅनलवर चांगला कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर असल्याशिवाय उडू नका.

रोटॅक्स ९१२ इंजिन बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. या इंजिनाच्या रेक्टिफायर-रेग्युलेटरला (जनरेटरची वीज बॅटरीजोगी करणाऱ्या डब्याला) ८० अंशांहून जास्त तापमान चालत नाही आणि तो बसवण्याची सोयीची जागा नेमकी गरम असते. त्याला कूलिंगच्या हवेचा एक झोत द्या, किंवा तो फायरवॉलवरून हलवून जिथे हवा वाहते तिथे न्या.

चौथी पायरी: उपकरणांच्या जागा

जे पॅनलमध्ये असायलाच हवं असं नाही, ते तिथे ठेवू नका. आज ट्रान्सपाँडर आणि रेडिओ दूर बसवायच्या रूपातही मिळतात. त्यांचे डबे सामानाच्या कप्प्यामागे जाऊ शकतात. पडद्यांच्या बॅकअप लिथियम बॅटऱ्या ग्लेअरशील्डखाली टांगू नका. लिथियम-आयन पेशी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणं त्यांच्या प्रकृतीला बरं नाही.

चळतीत सगळ्यात जास्त तापणारं उपकरण शक्य तितकं वर ठेवा, म्हणजे त्याची उष्णता इतरांच्या पोटातून जाणार नाही. हाताला काय सोयीचं पडतं हे अर्थातच आधी. ट्रेच्या बाजूंना असलेली भोकं हवेसाठी असतात. वायरची जाड जुडी नेमकी त्यांच्यावर बांधलेली मी अनेक पॅनलांत पाहिली आहे. जुडी दोन बोटं बाजूला घेतली तर एक पैसा खर्च न होता फरक पडतो.

पाचवी पायरी: हवेची वाट आणि पंखा

गरम हवा पॅनलमागे सगळ्यात उंच जागी जमते आणि ती जागा ग्लेअरशील्डच्या खाली, पॅनलच्या जवळ असते. हवा खालून, पायांजवळून येऊ द्यायची आणि वर ग्लेअरशील्डमधून विंडस्क्रीनकडे सोडायची. पंखे त्या भोकांत वर फुंकणारे बसवायचे. याचा दुसरा फायदा असा की सकाळच्या दमट हवेत विंडस्क्रीनवर साचणारी वाफ त्याच हवेने जाते. कित्येक आरव्हींमध्ये ही एकच व्यवस्था दोन्ही कामं करते आणि मला हीच सगळ्यात आवडते.

पंखा केवढा? दर सेकंदाला एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १२०० वॉट लागतात. उपकरणांचे १४० वॉट आणि इन्सुलेशननंतरही वरून येणारे ६० धरले तर २०० वॉट. हवा दहा अंशांहून जास्त तापू नये असं ठरवलं तर २०० भागिले १२,०००, म्हणजे सेकंदाला ०.०१७ घनमीटर, मिनिटाला एक घनमीटर, किंवा पंख्यांच्या भाषेत ३५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). चाळीस अंशांची हवा विरळ असते, म्हणून ३७ धरा. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा समोर कोणताही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, वायर आणि अरुंद फटींमधून प्रत्यक्षात निम्मं मिळालं तरी समाधान माना. म्हणजे छापील ७५ सीएफएम हवेत: संगणकाच्या कॅबिनेटमधले ८० मिलिमीटरचे दोन दमदार पंखे. एकच मोठा पंखा घेण्यापेक्षा दोन चांगले, कारण एक बंद पडला तरी दुसरा उरतो.

उंचीवर काय होतं? दहा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७४ टक्के असते. पंखा तेवढंच घनफळ ढकलतो, पण वस्तुमान कमी. दहा अंशांची वाढ साडेतेरा-चौदा होते. बाहेरचं तापमान मात्र तोवर वीसेक अंशांनी उतरलेलं असतं. म्हणून जमिनीवरचा प्रश्न सुटला की वरचा बहुतेक आपोआप सुटतो.

पंखा निवडताना बॉल बेअरिंगचा घ्या. स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल उष्णतेत लवकर सुकतं. कमाल व्होल्टेज तपासा. बारा व्होल्टच्या बऱ्याच पंख्यांची मर्यादा १३.८ असते आणि आपला अल्टरनेटर १४.२ ते १४.४ देतो. मालिकेत दोन डायोड टाकले की व्होल्टभर कमी होतं आणि पंखा सुखात चालतो.

भोक पाडताना तो पत्रा केवळ झाकण नाही, सांगाड्याचा भाग आहे, हे विसरू नका. दोन रिब्सच्या (आतल्या आधारपट्ट्यांच्या) मधे पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि भोकाभोवती डबलर (मजबुतीचा जादा पत्रा) रिव्हेट करा. वरून बारीक जाळी हवी, नाहीतर पेन्सिल किंवा स्क्रू आत पडेल. वर उघडणारी कॅनोपी असेल तर भोकाला सहा-सात मिलिमीटर उंच काठ द्या. कॅनोपी उघडी असताना सर आली, तर पाणी काठाशी अडेल, रेडिओवर पडणार नाही. पंख्याच्या खालच्या बाजूलाही जाळी लागते, तिथे वायरी असतात.

ज्या नेव्हिगेटरला मागे हवेच्या नळीचं तोंड दिलेलं आहे, त्याच्या मॅन्युअलमध्ये काय सांगितलंय ते पाहा. अशांसाठी तीन किंवा पाच तोंडांचे एव्हिऑनिक्स (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे) पंखे मिळतात आणि साधारण पाऊण इंचाहून थोड्या कमी व्यासाच्या नळीने हवा थेट उपकरणाच्या पोटात देतात. ते बसवलेत तरी वरची वाट लागतेच. उपकरणातून निघालेली गरम हवा पॅनलमागेच फिरत राहिली, तर तो पंखा तीच हवा पुन्हा ओढणार.

बाहेरची हवा नळीने थेट रेडिओवर सोडण्याची जुनी पद्धत मी सुचवत नाही. तिच्यासोबत पावसाचं पाणी, धूळ आणि दमटपणा येतो आणि कनेक्टर गंजतात. विमानाच्या बाजूच्या ‘नाका’ (एनएसीए) डक्टमधून, म्हणजे पत्र्याला समतल असलेल्या हवेच्या खाचेतून, येणारी हवा कॉकपिटमध्ये भरपूर घ्या, पायांकडे वळवा आणि पॅनलला ती तिथून घेऊ द्या. काउलिंगमधली हवा तर कधीही घेऊ नका, तिच्यात एक्झॉस्ट असू शकतो.

सहावी पायरी: वायरिंग

पंख्यांना एव्हिऑनिक्स बसवरून (या उपकरणांच्या सामाईक वीजपट्टीवरून) वीज द्या, म्हणजे उपकरणं चालू झाली की तेही चालू होतील. स्वतंत्र एक अँपिअरचा फ्यूज ठेवा आणि एक स्विच नक्की ठेवा. पॅनलमागे वायर जळाली तर वर फुंकणारा पंखा तो धूर थेट तुमच्या चेहऱ्यासमोर आणेल. त्या क्षणी तो बंद करता आला पाहिजे. धुराच्या आणीबाणीच्या चेकलिस्टमध्ये ‘पॅनल पंखा बंद’ ही ओळ लिहा. थर्मोस्टॅट (तापमान पाहून पंखा चालू-बंद करणारा स्विच) लावायचा की नाही यावर मतभेद आहेत. मी लावत नाही. पंखा दोन-तीन वॉट घेतो, तो सतत चालू राहिला तर बिघडत नाही, पण थर्मोस्टॅट अडकला तर पत्ता लागत नाही. तीन वायरींचा पंखा घेतलात, तर तिसऱ्या वायरवर फिरण्याचा संकेत मिळतो. तो इंजिन मॉनिटरच्या मोकळ्या इनपुटला जोडता आला तर उत्तमच.

मग दोन तपासण्या. पंख्याच्या मोटरमध्ये चुंबक असतो. तो चालू-बंद करून होकायंत्राची सुई हलते का आणि मॅग्नेटोमीटरच्या (इलेक्ट्रॉनिक होकायंत्राच्या) दिशेत फरक पडतो का, हे पाहा. दुसरं, रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडून ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर पंखा चालू-बंद करून ऐका. खरखर वाढली तर वायरी पिळून घ्या, पंख्यापाशी फिल्टर लावा, तरीही नाही गेली तर पंखाच बदला.

टॅबलेटचं काय

ॲपल आयपॅडसाठी शून्य ते ३५ अंश एवढंच तापमान सांगते. उन्हाळ्यातलं कॉकपिट त्याच्या बाहेर आहे, त्यामुळे तो बंद पडला तर तक्रारीला जागा नाही. काळं, मागून बंद कव्हर काढून टाका, मागची बाजू मोकळी राहील असा माउंट घ्या आणि ताज्या हवेच्या व्हेंटची एक धार त्याच्या पाठीवर वळवा. चार्जिंग टॅक्सीच्या वेळी नको; उड्डाणाआधीच पूर्ण करा.

सातवी पायरी: चाचणी

निरभ्र दिवशी भर दुपारी विमान कव्हरशिवाय, कॅनोपी लावून तासभर उन्हात ठेवा. सेन्सरची नोंद चालू असू द्या. मग बाहेरच्या वीजपुरवठ्यावर सगळी उपकरणं, पडद्यांचा उजेड पूर्ण ठेवून, अर्धा तास चालवा. पहिल्यांदा पंखे बंद, दुसऱ्यांदा चालू. हाच प्रयोग लँडिंगनंतर गरम इंजिनासह करा. पहिल्या प्रयोगात ऊन आणि उपकरणं, दुसऱ्यात इंजिनही. पडद्यामागची हवा मॅन्युअलच्या मर्यादेखाली किमान दहा अंश राहिली, तर मी काम झालं असं मानतो.

नव्या विमानाला पहिल्या टप्प्यात चाचणी-उड्डाणं करावीच लागतात, सहसा २५ किंवा ४० तास. त्यांतल्या काही उड्डाणांना ही नोंद जोडून घ्या.

रोजच्या वापरात

टॅक्सीच्या वेळी सरकती कॅनोपी थोडी मागे घ्या. वर उघडणारी असेल तर पहिल्या खाचेवर ठेवा आणि रनअपच्या (उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीच्या) आधी नीट लावून कुलूप तपासा. लांब थांबायचं असेल आणि जागा असेल, तर ऊन पडद्यांच्या काचेवर पडणार नाही असं विमान वळवा. दुसरा पडदा उड्डाणाच्या वेळेपर्यंत बंद ठेवता येतो.

उड्डाणात पडद्याने तापमानाची सूचना दिली, तर आधी उजेड कमी करा, बॅकलाइटचा उष्णतेत मोठा वाटा असतो. मग व्हेंट पूर्ण उघडा, नको असलेली उपकरणं बंद करा, शक्य असेल तर वर चढा. नेव्हिगेटरने स्वतःचा पंखा बंद पडल्याचं सांगितलं असेल तर त्या दिवशी ढगांमधून जायचा बेत सोडून द्या, कारण पुढची सूचना तो स्वतः बंद होण्याची असू शकते.

वार्षिक तपासणीत जाळ्यांवरची धूळ ब्रशने काढा, दोन्ही पंखे हाताने फिरवून बेअरिंग घासतं का पाहा आणि फायरवॉलच्या सीलंटवर पुन्हा एकदा रात्रीचा टॉर्च फिरवा. पंखे तीन-चार वर्षांनी चालत असले तरी बदलून टाका. नवीन जोडी इंधनाच्या एका भरणीपेक्षाही स्वस्त पडते.